जागा सोडणार नाही

“वाचा की, कडकट्ट. का आता तेही विसरलात?”

पोस्टमास्तरसाहेबांनी गंजलेला पत्र्याचा डबा तिकिटांच्या काउंटरवर असा आपटला, की जाळीपलीकडे रांगेत उभ्या असलेल्या बाईला वाटलं, आपलंच पार्सल फुटलं. डब्यात एक जाड पुठ्ठा होता. पुठ्ठ्यावर कागदी फितीचे आठ तुकडे एकाखाली एक चिकटवलेले, प्रत्येकाशेजारी तारखेचा शिक्का, आणि फितीवर निळ्या शाईत ठिपके आणि रेघा. दुरुस्तीसाठी जुनी भिंत पाडली, तेव्हा घड्याळामागच्या कोनाड्यात हे निघालं होतं.

“मी फोनमध्ये घालून पाहिलं,” साहेब म्हणाले. “नुसतं ‘ग ख ट व’ येतंय.”

“खात्याच्या संक्षिप्त खुणा आहेत साहेब. फोनला कशा कळणार?”

“म्हणून तर आलो. एकदाची खात्याला तुमची गरज पडली बघा.”

पार्सलच्या काउंटरवरची बाई खुदकन हसली. “काका, बेतानं हां. बारा वर्षांत पहिल्यांदा काम आलंय. दमाल.”

काकांना कडकट्ट हे नाव तारयंत्राच्या आवाजावरून पडलेलं. रेघ म्हणजे कड आणि ठिपका म्हणजे कट्ट. तारखातं बंद होऊन बारा वर्षं झाली. यंत्रं भंगारात गेली, ती वाजवणारी माणसं एकेक करून घरी गेली आणि हा एकटा तिकिटांच्या काउंटरवर शिल्लक राहिला. या महिन्याच्या एकतीस तारखेला तोही जाणार होता. अजून त्याची दोन बोटं आपोआप काउंटरवर वाजत. लोकांना वाटे, काकांना घाई आहे.

एरवी पार्सलवालीच्या टोमण्याला त्याने उत्तर दिलं असतं. आज त्याचे डोळे पुठ्ठ्यावरच होते. पहिल्या फितीच्या सुरुवातीला पाठवणाऱ्याची खूण होती. दोन रेघा, एक ठिपका, पुन्हा दोन रेघा. ही खूण त्याला स्वतःच्या सहीपेक्षा जास्त पाठ होती.

“साहेब,” तो उभा राहिला. “हे तारमास्तरांचं आहे.”

“ते मला तारखेवरूनच कळलं. काय लिहिलंय ते सांगा. रविवारी शताब्दी आहे, पुतळा उघडायचाय, आणि त्यांची शेवटची तार खुद्द तुमच्या तोंडून वाचून घ्यायची असं समितीनं ठरवलंय. नंतर पुठ्ठा काचेच्या पेटीत. पेटी तयारसुद्धा झाली.”

तारमास्तर कोण, हे त्या शहरात पाचवीतलं पोरही सांगेल. शंभर वर्षांपूर्वी, परक्यांचं राज्य असताना, याच इमारतीत एक तारबाबू होता. डोंगरात तीनशे बंडखोर दबा धरून होते आणि हा सरकारी पगारावर राहून त्यांचं काम करत होता. सात दिवस तो तार वाजवायच्या किल्लीवरून उठला नाही. सातव्या दिवशी पलटणीसाठी हुकूम आला: वरच्या जंक्शनला उतरा, डोंगराला वेढा घाला. तारमास्तरांनी तो पुढे पाठवताना वरच्याचं खालचं केलं. पलटण भलत्याच गावी उतरली, तीनशे माणसं निसटली, आणि पुढे त्यांनीच राज्य उलथवलं. तारमास्तरांना अकराव्या दिवशी फाशी झाली. पकडायला शिपाई दारात आले तेव्हा त्यांनी शेवटची तार केली: ‘जागा सोडणार नाही.’ पाचवीच्या पुस्तकातला चौथा धडा. त्याचं शेवटचं वाक्य वर्गात सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं असतं.

काहींनी ते म्हटलं आणि मोठे होऊन विसरले. कडकट्टने मात्र अकराव्या वर्षी म्हटलं ते म्हटलंच. तारखात्यात शिरला तो त्या वाक्यापायी. घरी भिंतीवर तारमास्तरांचं चित्र लावलं. पिळदार मिशा, छाती पुढे, हात किल्लीवर. चित्रकाराने किल्ली मुठीत धरलेली काढली होती, दाराची कडी धरावी तशी; तसं धरून एक अक्षरसुद्धा जाणार नाही, हे त्याला नोकरीच्या पहिल्या आठवड्यातच कळलं. त्याने चित्रकाराला माफ केलं आणि चित्राला रोज सकाळी नमस्कार चालू ठेवला. बायको त्या चित्राला ‘भिंतीवरची सवत’ म्हणे. “मला विचारून काही करत नाहीत, तिला विचारून करतात.”

यात विनोद थोडा होता. तीस वर्षांपूर्वी, पुराच्या आठवड्यात, त्याने खरंच चित्राला विचारलं होतं. दुसरं चित्र ऑफिसात, किल्लीच्या वर टांगलेलं असे.

पाणी बाजारपेठेपर्यंत आलेलं, टेलिफोन मेलेले आणि तार तेवढी चालू. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांकरवी बायकोची चिठ्ठी आली: पोरीला ताप चढलाय, लगेच या. नियम साधा होता. बदली मागायचा छापील कागद असतो, तो भरायचा, तार करायची, शेजारच्या ठाण्याचा माणूस होडीने चार तासांत येतो. त्याने कागद भरला. सही केली. मग वर चित्राकडे पाहिलं आणि कागदाचे चार तुकडे केले. चौथ्या दिवशी दुसरी चिठ्ठी आली. तिचे तुकडे करायचीही गरज पडली नाही, ती भिजूनच आली होती.

सहाव्या दिवशी तो घरी गेला. डॉक्टर म्हणाले, ताप मेंदूकडे गेला होता, दोन दिवस आधी आणली असती तर कान वाचले असते. पोर चार वर्षांची होती. सारखी चिवचिवायची, म्हणून तिला चिमणी म्हणत. नाव तेच राहिलं, चिवचिव तेवढी गेली.

खात्याने प्रशस्तिपत्र दिलं. त्या सहा दिवसांत त्याने तीनशे अकरा तारा पाठवल्याची त्यात नोंद आहे. त्यांतल्या चाळीसेक पुराबद्दल होत्या. उरलेल्या बहुतेक, वरच्या साहेबाचा दौरा पुढे ढकलावा की रद्द करावा, याबद्दल होत्या. हे प्रशस्तिपत्रात नाही. पण पाठवणाऱ्याला ठाऊक असतंच.

चिमणीला त्याने आपल्याकडे होतं ते दिलं. पाच वर्षांची झाल्यापासून तिच्या मनगटावर बोटांनी तार वाजवायला शिकवलं. आईने ती विद्या शिकायला साफ नकार दिला; ती खुणांनी आणि ओठांनी लेकीशी बोले. बापलेकीचं बोलणं मात्र मनगटावर. सात वर्षांची असताना चिमणी त्याच्यापेक्षा वेगाने वाजवायची. नऊ वर्षांची झाली तेव्हा तिने एकदा विचारलं: माझे कान कशात गेले? त्याची बोटं जराही अडखळली नाहीत. देशाच्या कामात. तारमास्तरांनी जागा सोडली नाही, मीही सोडली नाही. पोरीने तेवढं ऐकलं, आणि दुसऱ्या दिवशी शाळेतून तारमास्तरांचं छोटं चित्र कापून आणलं. आता ती चौतीस वर्षांची होती, शर्टाच्या कारखान्याची काजं घरी बसून करायची, आणि ते चित्र तिच्या शिलाई मशीनच्या झाकणात आतून चिकटवलेलं होतं. ज्याच्यापायी कान गेले तो माणूस तेवढा मोठा आहे, एवढ्यावर तिने पंचवीस वर्षं निभावली होती. त्यानेही.

जेवणाच्या सुट्टीत तो पुठ्ठा घेऊन टपालाच्या पिशव्यांच्या खोलीत बसला.

वाचायला पाच मिनिटंही लागली नाहीत. तो तासभर बसून राहिला. पार्सलवालीने दार ढकलून पाहिलं. “काका, काय, प्रेमपत्र निघालं का तारमास्तरांचं?”

त्याने पुठ्ठा पालथा केला. ती दार लोटून गेली.

साहेबांच्या खोलीत हेडमास्तर बसले होते. शताब्दी समितीचे अध्यक्ष, वय ब्याऐंशी, आवाज अजून मागच्या बाकापर्यंत जाणारा. चौथा धडा त्यांनीच लिहिलेला, आणि कडकट्टला पाचवीत शिकवलेलाही त्यांनीच. ते चहात बिस्किट बुडवत होते.

“ये रे. काय म्हणतात आमचे तारमास्तर?”

“सर, हा पुठ्ठा पेटीत नको लावायला.”

“का? वाळवी लागलीय?”

त्याने उभ्यानेच वाचून दाखवलं. सात दिवसांच्या सात फिती, सगळ्यांवर एकच मजकूर, वरच्या ठाण्याला केलेला. “‘घरी मूल आजारी. हात चालत नाही. जागा सोडता येत नाही. बदली पाठवा.’ आणि प्रत्येकीला उत्तर एकच आलंय. ठिपका, रेघ, तीन ठिपके. म्हणजे ‘थांबा’.”

बिस्किटाचा भिजलेला तुकडा कपात पडला. हेडमास्तरांनी तो चमच्याने शोधला.

“आणि आठवी?” साहेबांनी विचारलं.

“आठवी म्हणजे पलटणीचा हुकूम. वरच्या जंक्शनच्या खुणेत चार ठिपके असत, खालच्याच्या खुणेत तीन. चौथा पडलेला नाही.”

“पाडला नाही म्हणा.”

“सात दिवस किल्ली दाबून मनगटात पेटका येतो साहेब. मग ठिपका पडत नाही. मला माहीत आहे, माझेही राहिलेत. आणि पुढे सलग आठ ठिपके आहेत. आठ ठिपके म्हणजे ‘चुकलं, परत पाठवतो’. ते दुरुस्त करायला बघत होते. पलीकडून पोच नाही. बहुतेक तिथला तारबाबू उठून गेला होता.” त्याने आठव्या फितीवर बोट ठेवलं. “ही त्यांनी खटल्यासाठी चिकटवून ठेवली असणार, सर. बचावाला. चूक झाली हे दाखवायला.”

मग हेडमास्तर हसले. वर्गात चुकीचं उत्तर देणाऱ्याकडे पाहून हसत, तसंच.

“खटल्याचे कागद मी तेव्हाच वाचले होते. ‘जागा सोडता येत नाही’ असं होतं त्यात एका ठिकाणी. मी ‘सोडणार नाही’ केलं. क्रियापद तेच आहे, जरा ताठ बसवलं, इतकंच. दहा वर्षांच्या पोरांना काय ‘बदली पाठवा’ शिकवू?”

“तुम्हाला माहीत होतं?”

“एवढं सगळं नव्हतं. पण अंदाज असतो. तू वर्गातही असाच होतास. पाठ सगळ्यांच्या आधी करायचास. विचार तेवढा कधी केला नाहीस.”

“सर, मी त्या वाक्यावर… माझी मुलगी…”

“माहीत आहे. सगळ्या शहराला माहीत आहे. तू सांगतच असतोस की.”

साहेबांनी घड्याळ पाहिलं. त्यांना मांडववाल्याला भेटायचं होतं. “हे बघा, गोष्ट सोपी आहे. हे वाचता कुणाला येतं?”

“मला.”

“तुम्ही एकतीसला जाताय.”

“माझ्या मुलीलाही येतं.”

साहेबांनी खांदे उडवले. “ती कुणाला सांगणार आहे?”

हे ते वाईट मनाने बोलले नव्हते. साधा हिशेब केला होता. पुठ्ठा त्यांनी ओढून घेतला आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं. “पेटी मापानं करून आणलीय, काका. रिकामी कशी ठेवणार?”

“निदान उलटा तरी लावा.”

“उलटा!” हेडमास्तर खो खो हसले. “पुतळा पण भिंतीकडे तोंड करून बसवू का मग?”

घरी चिमणी दारातच उभी होती. तारमास्तरांची फीत सापडल्याची बातमी साहेबांच्या शिपायाने घरी पोचवली होती, आणि सोबत एक छापील पत्रिकाही. त्याने चपला काढायच्या आत तिने त्याचं मनगट धरलं. बोटं नुसती पळत होती. काय लिहिलंय? सांगा. त्यांचा हात कसा आहे? तुमच्यासारखा आहे का?

त्याने तिचं मनगट घेतलं आणि वाजवलं: जागा सोडणार नाही.

चिमणी थांबली. तिने मान वाकडी केली, परत वाजवा म्हणाली. त्याने परत वाजवलं. प्रत्येक तारवाल्याचा स्वतःचा हात असतो. आवाजावरून माणूस ओळखावा तसा ओळखू येतो. तिला तीस वर्षांत याच एका हाताची सवय.

तुमचा हात वेगळा लागतोय, तिने वाजवलं.

पेटका आलाय, तो म्हणाला.

तिने त्याला खुर्चीवर बसवलं, तेल कोमट करून आणलं आणि त्याचं मनगट चोळू लागली. अंगठ्याने, हळूहळू, हाडापर्यंत. तो समोर भिंतीकडे बघत राहिला. बायको कणीक मळता मळता दोघांकडे पाहत होती.

“काय झालंय तुम्हाला? सवतीचं पत्र सापडलं तर नाचायला हवं होतं.”

“रविवारी हिला नको न्यायला,” तो म्हणाला. “गर्दी असेल. उन्हाचं.”

“वा रे वा. पत्रिका वाचली नाहीत वाटतं? हिचाच सत्कार ठेवलाय तुमच्या साहेबांनी.” बायकोने पिठाच्या हाताने पत्रिका पुढे केली. “‘पित्याच्या कर्तव्यासाठी श्रवणशक्ती अर्पण करणाऱ्या कन्येचा गौरव.’ अर्पण म्हणे! चार वर्षांच्या पोरीला कुणी विचारलं होतं का, बाई अर्पण करतेस का म्हणून?”

“अगं, हळू बोल.”

“का हळू? तिला ऐकू जाणार आहे?”

चिमणीने तेवढ्यात आईच्या ओठांकडे पाहिलं होतं, पण तिला वाईट वाटलेलं दिसलं नाही. ती पत्रिकेवर बोट ठेवून हसत होती. रविवारसाठी तिने निळा झगा शिवायला घेतला होता. गळ्याला दुहेरी शिलाई, बाहीला सहा काजं. त्या चार दिवसांत कारखान्याचं काम बाजूला पडलं. तो रोज ठरवत होता, आज सांगतो. रोज संध्याकाळी मनगटापर्यंत बोट नेत होता. ती बहुतेकदा कामात असे आणि नजरही न उचलता त्याच्या हातावर वाजवी: ठिपका, रेघ, तीन ठिपके. थांबा. घरातला जुना खेळ होता तो. काज पूर्ण होईतो थांबा, बाबा. मग काज पूर्ण होई, ती हसून मनगट पुढे करी, आणि तो विचारी, जेवलीस का?

रविवारी सकाळी पोस्टासमोरचा रस्ता बंद केला होता. शाळेची तीनशे पोरं आणली होती, डोंगरातल्या तीनशेंच्या नावाने. पुतळ्यावरचा पडदा पहिल्या ओढीत सुटला नाही. शिपायाला शिडी लावून वर जावं लागलं. तारमास्तर ब्राँझचे झाले होते. किल्ली मुठीतच धरलेली. शिल्पकाराने चित्र पाहूनच काम केलं होतं.

हेडमास्तर बोलले. साहेब बोलले. मग पहिल्या रांगेतून चिमणीला वर बोलावलं, निळ्या झग्यावर गुच्छ दिला, आणि साहेब माइकमध्ये म्हणाले, “हिला तुमच्या टाळ्या ऐकू येत नाहीत, म्हणून जरा जोरात वाजवा.” लोकांनी वाजवल्या. चिमणी लोकांचे हात बघत होती. एवढे हात एकदम हलताना तिने कधी पाहिले नसावेत. तिचा चेहरा उजळला होता.

मग कडकट्टची पाळी. पुठ्ठा त्याच्या हातात दिला. माइक त्याच्या उंचीला नव्हता, तो कुणी खाली केला नाही.

“मी,” तो म्हणाला, “तारमास्तरांची तार वाचतो. आहे तशी वाचतो.” हेडमास्तरांनी चष्मा वर केला. “‘घरी…’” तो म्हणाला, पण माइक शिट्टी देऊन बंद पडला. कुणीतरी वायर हलवली. माइक सुरू झाला. मधलं सगळं सोडून तो एकदम जागेच्या ओळीवर आला. “‘जागा सोड…’”

“…णार नाही!” तीनशे पोरं एका सुरात ओरडली. वर्गात ओरडायची तशीच. मागच्या मोठ्या माणसांनीही आवाज मिसळला. सगळ्यांनीच तो धडा केला होता. कबुतरं छपरावरून उडाली. हेडमास्तर दोन्ही हातांनी ताल देत होते. “पुन्हा!” ते म्हणाले, आणि पोरं पुन्हा ओरडली.

पुढचं अक्षर तो ‘ता’ म्हणणार होता की ‘णा’, हे कळायला काही मार्ग राहिला नाही. नंतर त्याने स्वतःला विचारलं तेव्हा त्यालाही ते नक्की सांगता आलं नाही. त्या क्षणी त्याने एवढंच केलं, की तोंड मिटलं. लोकांना वाटलं, काकांचा कंठ दाटून आला.

पुठ्ठा पेटीत गेला. पेटी दरवाज्याजवळ लावली होती, आत छोटा दिवा. लोक रांगेने येत, ठिपके-रेघांकडे बघून मान डोलावत आणि सरबताकडे वळत.

चिमणी रांगेत उभी राहिली. तो मंचावरून उतरून तिच्याकडे निघाला, पण मध्ये साहेब आडवे आले, त्यांना कुणाकुणाशी त्याची ओळख करून द्यायची होती. साहेबांच्या खांद्यावरून त्याला दिसत होतं. तिने गुच्छ काखेत धरला आणि उजव्या हाताचं बोट काचेवर टेकवलं. पहिल्या फितीच्या सुरुवातीला. बोट हळूहळू सरकत गेलं. शेवटाला पोचलं, आणि थांबलं.

मग दुसरी फीत.

तिसरीला तिचं बोट काचेवर वाजायला लागलं. ती नुसती वाचत नव्हती, तारमास्तरांचा हात पकडत होती. मागची माणसं चुळबुळली. “ताई, चला पुढे,” कुणीतरी म्हणालं. तिच्या पाठीला ते कसं कळणार? हेडमास्तरांनी माइक ओढला. “बघा, बघा! कन्या कशी भान हरपून उभी आहे!” लोक कौतुकाने वळले. कुणी फोटो काढला.

बायको त्याच्याशेजारी येऊन उभी राहिली. “एवढा वेळ काय वाचतेय ती? काय लिहिलंय हो?”

“तेच. धड्यातलं.”

“मग तिचे डोळे कसे नाही भरले? त्या वाक्याला नेहमी भरतात.”

चौथी, पाचवी, सहावी, सातवी. आठव्या फितीला तिचं बोट एका जागी थबकलं, मागे गेलं, पुन्हा पुढे आलं. मग काचेवर तिने सलग आठ वेळा टकटक केली. सावकाश. एवढ्या गलक्यात ती टकटक त्याच्याखेरीज कुणालाही कळली नाही, आणि तिला तर ती बोटाला लागली तेवढीच.

मग ती वळली. त्याच्याकडे तिने पाहिलं नाही. आईचा दंड धरला आणि रस्त्याकडे चालू लागली.

तो घरी पोचला तेव्हा ऊन उतरलं होतं. साहेबांनी त्याला शेवटपर्यंत थांबवून घेतलं होतं. खुर्च्या मोजून परत करायच्या होत्या. बायको दारातच म्हणाली, “आज काय नवल. तुमच्या लेकीनं सवतीला फुलं वाहिलीत.”

सत्काराचा गुच्छ भिंतीवरच्या चित्राखाली पाण्याच्या पेल्यात ठेवला होता. चित्राची काच पुसलेली होती. कित्येक वर्षांची धूळ गेल्यामुळे तारमास्तरांचा चेहरा जरा वेगळा, दमलेला वाटत होता. शिलाई मशीनचं झाकण उघडं होतं, आणि आतलं छोटं चित्रही जागच्या जागी होतं. प्रशस्तिपत्राची चौकट मात्र खिळ्यावर नव्हती. ती खाली, कारखान्याच्या कापडाच्या गठ्ठ्यावर पालथी ठेवली होती, उडणारं कापड दाबायला.

चिमणी काजं करत होती. निळा झगा बदलून रोजचा घातला होता. चार दिवसांचं काम तुंबलेलं, उद्या माणूस न्यायला येणार होता.

तो खुर्ची ओढून तिच्या समोर बसला. तिने डावा हात नेहमीसारखा टेबलावर ठेवला होता, कापड ताणून धरायला. त्याने बोट तिच्या मनगटावर टेकवलं. इतकी वर्षं न सांगितलेलं त्याला आता एका दमात सांगायचं होतं. पुराच्या दुसऱ्या दिवशी मी कागद भरला होता, सहीसुद्धा केली होती. त्याने पहिलं अक्षर वाजवलं.

चिमणीने मान वर केली नाही. तोंडात धरलेला दोरा तोडला, सुई कापडात खोचली, आणि उजव्या हाताने त्याच्या हातावर वाजवलं. ठिपका, रेघ, तीन ठिपके.

मग सुई काढून तिने पुढचं काज घेतलं. ते झाल्यावर त्याच्या पुढचं. त्याने हात उचलला नाही. बायको आतून विचारत होती, जेवायला वाढू का, आणि तो टेबलावर पालथा हात ठेवून थांबला होता.